टर्बो पेट्रोल गाडी घाटात दबते, डायव्हर्टर व्हॉल्व्ह बदलला तरी परत तेच

तिसऱ्या गिअरमध्ये चढ लागला, पाय दाबला, गाडीने क्षणभर पिकअप घेतला आणि मग कुणी मागून धरून ठेवल्यासारखी दबली. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. किल्ली बंद करून पाच मिनिटांनी सुरू केली की थोडं अंतर ठीक, पुढच्या मोठ्या चढाला पुन्हा तोच प्रकार. स्कॅनर लावला तर कोड पी ०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कॉम्प्युटरने मागितला त्यापेक्षा कमी. व्हॉल्व्ह बदलला, गाडी छान पळायला लागली, आणि चार-सहा महिन्यांत पुन्हा तोच दिवा.

हे वर्णन तुमच्या गाडीचं असेल तर तिसरा व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी हे वाचा. कोल्हापुरात माझं गॅरेज आहे. छोटी टर्बो पेट्रोल इंजिनं आता पोलो, नेक्सॉन, व्हेन्यू, फ्रॉन्क्स अशा रोजच्या गाड्यांत आली आहेत आणि त्यांच्याबरोबर हा प्रश्नही दारात आला आहे. बरेचदा निदान अर्धवटच होतं. फाटलेला व्हॉल्व्ह सापडतो, तो बदलला जातो, आणि तो फाटला का हे कुणी विचारत नाही. मीही एका गाडीत विचारलं नव्हतं. त्या गाडीची गोष्ट पुढे सांगतो, कारण मला जे समजलं ते तिच्यामुळेच.

हा व्हॉल्व्ह करतो काय

हवेचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. एअर फिल्टरमधून हवा टर्बोच्या कॉम्प्रेसरमध्ये जाते, तिथे दाबली जाते, दाबल्यामुळे तापते, इंटरकूलरमध्ये थंड होते, थ्रॉटल बॉडीतून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या पाइपात, आणि तिथून सिलिंडरमध्ये. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल हे या रस्त्यातलं दार आहे. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ते बंद होतं.

आता थोडा हिशोब करू. १.२ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत १.२ लिटर हवा ओढतं. ५,००० आरपीएमला मिनिटाला २,५०० वेळा १.२ लिटर, म्हणजे ३,००० लिटर, म्हणजेच सेकंदाला ५० लिटर. ती हवा टर्बोने पाऊण बारने दाबलेली असेल, तर ती गरम असते आणि सिलिंडर पुरता भरत नाही हे धरूनही, बाहेरच्या मोकळ्या हवेच्या मापाने सेकंदाला साधारण ७५ लिटर हवा त्या पाइपातून धावत असते. घरी येणारे पाण्याचे २० लिटरचे जार आठवा. जवळजवळ चार जार, एका सेकंदात. आणि गिअर बदलायला तुम्ही पाय उचलता तेव्हा पुढचं दार फटकन बंद होतं. मागे कॉम्प्रेसरचं चाक मात्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेत असतं, ते लगेच थांबू शकत नाही. ते हवा ढकलतच राहतं.

कोंडलेल्या हवेला पुढे वाट नसते. दाब इतका चढतो की हवा कॉम्प्रेसरच्या पात्यांमधून उलटी मागे येते. मागे आली की दाब उतरतो, चाक पुन्हा पुढे ढकलतं, पुन्हा उलटी. हे एका सेकंदात अनेक वेळा होतं आणि कबुतर पंख फडफडवतं तसा आवाज येतो. याला सर्ज म्हणतात. प्रत्येक वेळी चाकावरचा जोर एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला जातो आणि तो सगळा शाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. चाकाचा वेगही मरतो, त्यामुळे पुढच्या गिअरमध्ये टर्बो जागा व्हायला वेळ लागतो.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह म्हणजे या कोंडलेल्या हवेसाठी ठेवलेली खिडकी. थ्रॉटल बंद झाला की ती उघडते आणि हवा सुटते. सुटलेली हवा बाहेर फेकली तर त्याला आपण ब्लो-ऑफ म्हणतो, आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, फिल्टरनंतरच्या पाइपात परत सोडली तर डायव्हर्टर किंवा बायपास. कंपनीतून येणाऱ्या टर्बो पेट्रोल गाड्यांत जवळजवळ नेहमी दुसरा प्रकार असतो. काही नव्या इंजिनांत हा व्हॉल्व्ह मुळातच नसतो, विद्युत वेस्टगेट आणि थ्रॉटल यांचा मेळ घालून तेच काम साधलेलं असतं. त्यामुळे शोधायच्या आधी आपल्या इंजिनात तो आहे का, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

वेस्टगेटशी याची गल्लत खूप होते. वेस्टगेट एक्झॉस्टच्या बाजूला असतो. टर्बाइनकडे, म्हणजे टर्बोच्या धुराने फिरणाऱ्या चाकाकडे, किती धूर जाऊ द्यायचा आणि त्यातून दाब किती बनवायचा, ते तो ठरवतो. डायव्हर्टर थंड हवेच्या बाजूला असतो आणि पाय उचलल्यावरच त्याचं काम असतं. पाय दाबलेला असताना तो घट्ट बंद असला पाहिजे. ही ओळ लक्षात ठेवा, पुढचं सगळं निदान तिच्यावर उभं आहे.

जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये एक डायफ्राम (रबरी पडदा) किंवा पिस्टन, वर स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या खोलीला मॅनिफोल्डमधून आलेला एक बारीक होज असतो. पाय दाबलेला असताना खाली टर्बोचा दाब, वर मॅनिफोल्डमधून आलेला तोच दाब. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद धरून ठेवते. पाय उचलला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो, तो डायफ्रामला वर ओढतो, खिडकी उघडते. कॉम्प्युटर लागत नाही, वायर लागत नाही. मला ही रचना अजूनही फार सुंदर वाटते. नव्या गाड्यांत बारीक होजच्या जागी विजेचं कॉइल असतं आणि व्हॉल्व्ह थेट टर्बोच्या अंगावर तीन छोट्या बोल्टनी बसवलेला असतो. कॉम्प्युटर वीज देतो, व्हॉल्व्ह उघडतो.

बिघाड दोनच प्रकारचे

व्हॉल्व्ह एकतर बंद राहायचा तेव्हा गळतो, नाहीतर उघडायचा तेव्हा उघडत नाही.

गळत असेल तर दाबलेली हवा गोल फिरून परत कॉम्प्रेसरच्या तोंडाशी येते. इंजिनाला कमी पोचते. कॉम्प्युटर वेस्टगेट आणखी बंद करून टर्बोला आणखी पळवतो. सपाट रस्त्यावर हे खपून जातं, तुम्हाला कळतही नाही. टर्बो मात्र जास्त वेगाने, जास्त तापत फिरत असतो. घाटात, चार माणसं आणि एसी चालू असताना मागणी वाढते, तेव्हा पळवूनही दाब पुरा होत नाही, मग पी ०२९९ आणि लिंप मोड, म्हणजे इंजिन जपायला कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो. सपाटीला ठीक आणि घाटात दबते याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

उघडत नसेल तर पिकअपला काही होत नाही. पाय उचलल्यावर फडफड ऐकू येते, गिअर बदलल्यावर क्षणभर गाडी मंद वाटते. विद्युत व्हॉल्व्ह असेल तर पी ००३३ ते पी ००३५ यांपैकी वायरिंगचा कोड किंवा पी २२६१ हा यांत्रिक अडथळ्याचा कोड मिळतो. या फडफडीची भीती किती बाळगायची? माझं मत सांगतो. कमी दाबावर चालणाऱ्या छोट्या टर्बोत अधूनमधून फडफड झाली म्हणून टर्बो मरत नाही. पण रोज घाट चढणाऱ्या गाडीत, जास्त दाबावर, दिवसाला शेकडो वेळा ते होऊ देणं म्हणजे थ्रस्ट बेअरिंगवर हातोडी मारत राहणं. टर्बोच्या किमतीपुढे व्हॉल्व्हची किंमत फार थोडी आहे.

दोन्ही लक्षणं एकदम दिसली, म्हणजे दाबही बनत नाही आणि पाय उचलल्यावर फडफडही येते, तर जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये आधी तो बारीक होज पाहा. तो फुटला की डायफ्रामच्या वर दाब पोचत नाही, म्हणून खालचा दाब एकट्या स्प्रिंगला हरवून व्हॉल्व्ह उघडतो. आणि व्हॅक्यूमही पोचत नाही, म्हणून पाय उचलल्यावर तो हवा तसा उघडत नाही. शिवाय त्याच भेगेतून मॅनिफोल्डमध्ये जादा हवा शिरते, त्यामुळे आयडलला आरपीएम वरखाली होतो आणि पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोडही येऊ शकतो. टर्बोच्या उष्णतेने होजचं टोक कडक होऊन चिरतं. टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा कापून परत बसवला की गाडी ठीक होते, पण होज नवाच घाला, तोही उष्णता सोसणारा.

तपासणी

सुरुवात स्कॅनरने करा, पण कोड वाचून थांबू नका. लाइव्ह डेटामध्ये मॅनिफोल्डचा दाब बघा. इंजिन बंद, किल्ली चालू असताना हा आकडा तुमच्या गावच्या हवेचा दाब दाखवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे ९४-९५ किलोपास्कल दिसतात. रत्नागिरीला किंवा पणजीला १००-१०१ दिसतात. हा पाया वहीत लिहून ठेवा, कारण बरेच स्कॅनर पूर्ण दाब दाखवतात आणि टर्बोने दिलेला दाब काढायला त्यातून हा आकडा वजा करावा लागतो. इथे १७० दिसले तर टर्बोचे ७५, म्हणजे पाऊण बार.

मग शेजारी एक माणूस बसवून, मोकळ्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून पूर्ण पाय दाबा आणि मागितलेला दाब व मिळालेला दाब दोन्ही नोंदवा. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे अजिबात बघायचं नाही. दोन आकड्यांत किती अंतर पडतं आणि ते कोणत्या आरपीएमला पडतं, हे कोडपेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

गाडी निदान दोन तास थंड होऊ द्या. टर्बोच्या आसपास घाईने हात घातलेल्यांचे भाजलेले मनगट मी पाहिले आहेत. होजवाला व्हॉल्व्ह असेल तर बारीक होज व्हॉल्व्हकडून सोडवा आणि तिथे हाताचा व्हॅक्यूम पंप लावा. पंप नसेल तर मेडिकलमध्ये ५० किंवा ६० मिलीची सिरिंज मिळते, ती छोट्या नळीने जोडून ओढा. डायफ्राम शाबूत असेल तर दट्ट्या जड लागतो आणि सोडल्यावर स्वतःहून परत जातो. हलकाच सरकत आला आणि तिथेच राहिला तर डायफ्राम फाटलाय. पंपावर ५०-६० किलोपास्कलचा व्हॅक्यूम लावून एक मिनिट काटा तसाच राहिला पाहिजे.

विद्युत व्हॉल्व्हला स्कॅनरमधून आउटपुट टेस्ट द्या, म्हणजे उघडझाप करायचा हुकूम द्या, टक्-टक् असा आवाज यायला हवा. थेट बॅटरीतून वीज देऊन पाहायची असेल तर सेकंदभरच द्या, कॉइल जास्त वेळ वीज सोसण्यासाठी बनवलेलं नसतं. पण आवाज आला म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, असं मात्र समजू नका. कॉइल ठीक आणि डायफ्राम फाटलेला, ही जोडी मला सगळ्यात जास्त सापडते. व्हॉल्व्ह काढूनच बघावा लागतो. तीनपैकी एक बोल्ट बहुधा खालच्या बाजूला लपलेला असतो, छोटा आरसा आणि टॉर्च हाताशी ठेवा. बाहेर काढल्यावर अंगठ्याने पिस्टन दाबा, तो न अडकता परत आला पाहिजे. रबराच्या मागे टॉर्च धरून कड हळू ताणा. चीर बहुतेक वेळा कडेच्या घडीत असते आणि न ताणता दिसत नाही. ओ-रिंग चपटी झालेली असेल तर तीही गळतेच. फोक्सवॅगन-ऑडीच्या २.० टीएफएसआय टर्बो पेट्रोल इंजिनांच्या सुरुवातीच्या काळात हाच डायफ्राम फाटण्याचा त्रास जगभर झाला आणि पुढे त्या व्हॉल्व्हला रबराऐवजी पिस्टनची आवृत्ती आली. तुमच्या इंजिनासाठी अशी सुधारित आवृत्ती आली आहे का, ते पार्ट मागवताना जरूर विचारा.

आता ते काम, जे वगळल्यामुळे गाडी परत येते. संपूर्ण हवेच्या रस्त्याला दाब देऊन गळती शोधायची. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असेल तर तो काढून बाजूला ठेवून, प्लंबिंगच्या दुकानातली मापाची पीव्हीसी कॅप बसवा, तिला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह लावा, आणि रेग्युलेटर लावूनच हवा सोडा. अर्धा बार पुरे. त्याहून जास्त देण्याची गरज नाही, आणि रेग्युलेटरशिवाय तर अजिबात नाही, होज उडून तोंडावर येतो. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फवारा. इंटरकूलरचे दोन्ही होज, थ्रॉटल बॉडीचं तोंड, डायव्हर्टरचा जोड. क्लॅम्प घट्ट दिसतो पण होजच्या खालच्या बाजूने बुडबुडे येतात, असं कितीदा तरी झालं आहे. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या भागातून, वाफ आणणारा ब्रीदरचा जो पाइप कॉम्प्रेसरच्या तोंडाशी येतो तो सोडवून त्याचं तोंड बंद करून ठेवा, नाहीतर हवा त्या मार्गाने सरळ क्रँककेसमध्ये जाते आणि फसगत होते. एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतील तर थोडी हवा तिथून जाणारच, पिस्टन रिंगवरून क्रँककेसमध्ये थोडी झिरपणारच, तेवढ्याने घाबरू नका. पण ऑइलचं झाकण उघडून कान लावल्यावर जोरात सुसाट आवाज येत असेल तर तिथेच थांबा. पुढची गोष्ट त्याचीच आहे.

ताईंची गाडी

शाहूवाडीकडच्या एक ताई कॉलेजात शिकवतात, माहेर रत्नागिरीला. महिन्यातून दोनदा आंबा घाट. गाडी सेकंडहँड घेतलेली, छोटं टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन. माझ्याकडे येण्याआधी दोनदा व्हॉल्व्ह बदललेला होता. मी काढून पाहिला, डायफ्रामची कड चिरलेली. तिसरा बसवला, अस्सल पार्ट, कोड पुसला, रस्त्यावर फिरवून आणली, गाडी सोपवली. तीन महिन्यांनी ताई दारात.

"दादा, घाटात वळणावर गाडी दबली. मागं ट्रक, त्याच्यामागं एसटी, सगळे हॉर्न मारतायत, आणि लेक मागच्या सीटवर रडतेय. मला आता या गाडीची भीती वाटायला लागलीये."

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझी होती आणि ती माझ्याच वहीत लिहिलेली होती. फाटका व्हॉल्व्ह असताना मागितलेला दाब १७० आणि मिळालेला १४१ होता. नवा बसवल्यावर १७० आणि १६३. एवढा फरक पडला म्हणून मी खूष झालो आणि उरलेल्या सात किलोपास्कलकडे पाहिलंच नाही. कोड येण्याइतकं ते अंतर नव्हतं, पण चांगल्या गाडीत ते दोन-तीनच्या आत असतं. ते सात कुठेतरी जात होते.

तिसरा व्हॉल्व्ह काढला तेव्हा डायफ्राम ओला होता. बोट लावलं की तेलाचा चिकट थर. रबर फुगलेलं, मऊ, जुन्या व्हॉल्व्हच्या रबरापेक्षा जाड वाटावं इतकं. इंटरकूलरचा खालचा होज सोडवला, त्यातून चमचाभर तेल निघालं. टर्बोचं सील गेलं असेल असं आधी वाटलं, पण शाफ्टला ढिलाई नव्हती आणि सायलेन्सरमधून निळा धूरही नव्हता. मग दाब देऊन तपासणी केली. ऑइलच्या झाकणातून भसाभस हवा.

दोषी निघाला पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात पाठवणारा छोटा भाग. टर्बो इंजिनात त्याला दोन रस्ते असतात. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तेव्हा वाफ तिकडे जाते. दाब बनायला लागला की तो रस्ता एका एकदिशा झडपेने बंद होतो आणि वाफ कॉम्प्रेसरच्या तोंडाशी जाते. ताईंच्या गाडीत ती एकदिशा झडप बसतच नव्हती. त्यामुळे घाटात पाय दाबला की मॅनिफोल्डमधला दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरत होता. ते हरवलेले सात किलोपास्कल इथून जात होते. आणि ती हवा क्रँककेसमधला तेलाचा धुरळा उचलून दुसऱ्या रस्त्याने कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, नेमकी डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या पुढ्यात आणून ओतत होती. गरम तेलात भिजलेलं रबर, त्यावर घाटातली दर मिनिटाची उघडझाप. ते किती टिकणार?

पीसीव्ही नवा घातला, इंटरकूलर आणि होज धुऊन वाळवले, चौथा व्हॉल्व्ह बसवला. त्याचे पैसे मी घेतले नाहीत. याच घाटात पुन्हा नोंद घेतली: मागितलेले १७०, मिळालेले १६९.

तुमच्या व्हॉल्व्हचं रबर तेलकट निघालं तर पीसीव्हीची परीक्षा घरीही करता येते. इंजिन आयडलला चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा धरा. मोजा किंचित आत ओढला गेला तर ठीक. फुग्यासारखा फुगला तर क्रँककेसमध्ये दाब साठतोय. जोरात आत खेचला जाऊन शिटीसारखा आवाज आला तर पीसीव्हीचा स्वतःचा डायफ्राम फाटलाय. मात्र ताईंच्या गाडीतला दोष आयडलला सापडत नाही, तो दाबातच दिसतो. त्यासाठी मॅनिफोल्डकडून येणारा पीसीव्हीचा होज सोडवा आणि इंजिन बंद असताना मॅनिफोल्डच्या बाजूने त्यात फुंका. हवा आत जाता कामा नये. उलट्या बाजूने मोकळी गेली पाहिजे. दोन्हीकडून जात असेल तर व्हॉल्व्ह फाडणारा सापडला. घाटातून आल्यावर डिपस्टिक बसल्या जागेवरून वर सरकलेली दिसणं, हीसुद्धा त्याचीच खूण आहे.

कॅच कॅन बसवून तेल वाटेत अडवू, असं काही जण सुचवतात. कॅच कॅन वाईट नाही, पण एकदिशा झडप बसत नसताना तो लावणं म्हणजे छप्पर गळताना खाली बादली ठेवणं.

आणखी दोन कारणं

रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल बदलणं. सेकंडहँड गाडी घेताना हे कुणी सांगत नाही. पाऊण बारसाठी बनवलेल्या स्प्रिंगवर आणि रबरावर कुणी सव्वा बार चढवलेला असेल, तर व्हॉल्व्ह लवकर जाणारच. मागितलेला दाबच तुमच्या इंजिनाच्या मूळ आकड्यापेक्षा बराच जास्त दिसत असेल तर संशय घ्या. मूळ फाइल परत टाका, किंवा त्या दाबाला चालणारा पिस्टनवाला व्हॉल्व्ह घाला. माझा सल्ला पहिला आहे. पिस्टनवाला घातला तर वर्षातून एकदा काढून पुसावा आणि बनवणाऱ्याने सांगितलेलं ग्रीस अगदी थोडं लावावं, जास्त लावलं की त्यावर धूळ बसून पिस्टन अडकतो.

दुसरं कारण त्या 'फुस्स' आवाजाच्या हौसेचं. इंप्रेझा आणि लान्सर इव्होल्यूशनच्या रॅलीचे व्हिडिओ बघून पोरं माझ्याकडे हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह घेऊन येतात. मला त्यांची हौस समजते, तो आवाज मलाही आवडतो. पण ज्या इंजिनात एअर फ्लो सेन्सर टर्बोच्या आधी बसलेला असतो, त्यात ही हवा आधीच मोजली गेलेली असते. कॉम्प्युटर तिच्या हिशोबाने पेट्रोल सोडतो आणि हवा मात्र बाहेर गेलेली. मिश्रण क्षणभर जाड होतं, काळा धूर येतो, गाडी मिस मारते, प्लग काळे पडतात, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. इंप्रेझा डब्ल्यूआरएक्ससारख्या गाडीतसुद्धा म्हणूनच कंपनीने हवा परत आत सोडणारा व्हॉल्व्ह दिला. स्प्रिंग फार मऊ असेल तर आयडलच्या व्हॅक्यूमने व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि तिथून फिल्टर न झालेली, न मोजलेली हवा आत येते. आपल्याकडच्या रस्त्यावरची धूळ थेट कॉम्प्रेसरच्या पुढच्या पाइपात. फक्त मॅनिफोल्डच्या दाबावर हिशोब करणाऱ्या इंजिनात मिश्रण बिघडत नाही हे खरं आहे, पण वॉरंटीचा प्रश्न तिथेही येतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत हेही ध्यानात ठेवा.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: डिझेल इंजिन थ्रॉटल बंद करून वेग कमी करत नाही, इंधन कमी करून करतं. पाय उचलला तरी हवेचं दार उघडं असतं, हवा कोंडत नाही. त्यामुळे डिझेल गाडीला ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची गरज नसते. बाजारात डिझेलसाठी जे किट मिळतात ते आवाजासाठी आहेत आणि हवेच्या रस्त्यात गळतीचा एक नवा जोड तेवढा वाढवतात.

परत बसवताना

टर्बोच्या कॉम्प्रेसरचं अंग अॅल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट छोटे. आधी तिन्ही हाताने बसवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर घट्ट करा. तो फार थोडा असतो, लांब पाना लावून जोर काढला की आटे जातात. ओ-रिंग नवीच घाला. एम-सील, गॅस्केटचं शेलॅक यातलं काहीही तिथे लावू नका, सुटलेला कण थेट थ्रॉटलकडे जातो. पॅकिंग उघडं असलेला, भाव फारच कमी सांगितलेला व्हॉल्व्ह परत करा. बनावट पार्टचं रबर पहिल्या उन्हाळ्यातच कडक झालेलं मी पाहिलं आहे.

मग कोड पुसा आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, शक्य झालं तर तेवढीच माणसं गाडीत बसवून पुन्हा नोंद घ्या. मागितलेला आणि मिळालेला, दोन्ही आकडे तारीख आणि किलोमीटरसह गाडीच्या सर्व्हिस बुकमध्ये लिहा. अंतर दोन-तीन किलोपास्कलच्या आत आलं नसेल तर दिवा विझलेला असला तरी, मालक असाल तर गाडी गॅरेजमधून नेऊ नका आणि मेकॅनिक असाल तर देऊ नका. ताईंच्या गाडीत आता प्रत्येक सर्व्हिसला मी व्हॉल्व्ह काढून रबरावर कोरडं फडकं फिरवतो. सोळा महिने झाले, फडकं कोरडंच निघतं.